पुसलेली नोंद आणि चारित्र्य पडताळणी



सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराच्या हाती साक्षांकन नमुना पडतो. ‘आपणांविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ पंधराव्या वर्षी हातून अपराध घडलेल्या तरुणाची लेखणी या प्रश्नापाशी अडखळते.

प्रौढ उमेदवाराने येथे सत्यच लिहावे, माहिती दडविल्यास नोकरी जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली स्पष्ट केले. बालकाची गोष्ट निराळी आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 अन्वये, दोषी ठरलेल्या बालकाला त्यामुळे कोणतीही अनर्हता येत नाही; अपिलाची व विहित मुदत संपताच त्याचे अभिलेख नष्ट करावयाचे असतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या ज्या बालकाचा निर्घृण अपराध बालक न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून शाबीत होतो, तेवढ्यास हे संरक्षण नाही. शिवाय, निकाली प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करू नये, असा कलम 74 चा दंडक आहे. अल्पवयातील प्रकरण नोकरीच्या आड येऊ नये, हेच सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितले.

परंतु कागद नष्ट झाला, तरी ठाण्यातील आठवण नष्ट होत नाही. म्हणून नोकरीचा असो वा परवान्याचा, दाखल्यावर शेरा लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्याने घटनेच्या दिवशीचे वय पाहावे. ते अठराहून कमी असेल, तर कायद्याने बंद केलेले दार आपल्या लेखणीने उघडू नये.