परवलीचा शब्द आणि खासगी लेख

छावणीच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द वरचेवर बदलीत असत. वर्डप्रेस प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळांत एखाद्या लेखास असाच शब्द लावतां येतो. घरांतील दुखण्याची हकीकत परगांवच्या आप्तांस कळावी, इतरांस कळूं नये, एवढ्यापुरता तो सोयीचा खरा. परंतु वाचक अनेक आणि शब्द एकच. तो बाहेर गेला तर कोणाकडून फुटला, हें कळण्यास मार्ग नाहीं. मग नवा शब्द ठरवून सर्वांस पुन्हां कळविणें आलें. एरवीं एकदां शब्द घातलेल्या वाचकास त्याच यंत्रावर साधारण १० दिवस तो पुन्हां विचारला जात नाहीं. शब्द बदलतांच मात्र विचारला जातो.

शीर्षकाचें काय? तें सर्वांस दिसतें. ‘बाबांची शस्त्रक्रिया’ असें शीर्षक देऊन मजकुरास कुलूप घालणें म्हणजे पाकिटावरच पत्र लिहिणें होय! छायाचित्रांची गोष्ट याहून अवघड. त्यांचा थेट पत्ता ज्याच्या हातीं पडला, त्यास तीं शब्दावांचून पाहतां येतात. सबब इस्पितळाच्या कागदांचीं छायाचित्रें अशा लेखांत घालूं नयेत. शिवाय हा शब्द संकेतस्थळाच्या नोंदींत उघड्या अक्षरांत राहतो; बँकेच्या खात्याचा शब्द येथें मुळींच वापरूं नये.