पळालात की दुसरी केस

समजा, भिवंडीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोराला मोबाइलचोरीच्या संशयावरून अटक झाली. कोर्टात नेण्याआधी पोलीस त्याला तपासणीसाठी आयजीएम रुग्णालयात घेऊन गेले. ओपीडीत ही गर्दी! लघवीचं निमित्त करून पोरगं हात झटकतं आणि गल्लीबोळात पसार होतं.

चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. पुरावा कच्चा असता तर तो सुटलाही असता. पण पळाल्याबरोबर भारतीय न्याय संहितेचं कलम 262 लागलं: 2 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम 224 ते हेच. 1 जुलै 2024 पासून आकडा बदलला, शिक्षा तीच. मूळ गुन्ह्याची शिक्षा वेगळी, ही वेगळी. चोरीतून निर्दोष सुटला तरी ही केस आपोआप मिटत नाही. हे कलम लागायला तुरुंगच फोडायला हवा असंही नाही. पोलीस व्हॅन किंवा कोर्टाचा व्हरांडाही पुरतो. पोलिसाच्या हलगर्जीपणाने कैदी निसटला तर त्या पोलिसालाही शिक्षा आहे.

मला जास्त काळजी वाटते ती पोराच्या आईची. रात्री तो दार वाजवतो. ती पोटाला घालते, हातावर पाचशे रुपये ठेवते, म्हणते, "मामाकडे जा, इथं पोलीस येतील." झालं, आसरा देण्याचं कलम 253! तो पळालाय हे माहीत असताना, सापडू नये म्हणून दिलेलं जेवण, पैसे, कपडे, गाडी, सगळं आसऱ्यातच मोडतं. चोरीच्या प्रकरणात 9 महिन्यांपर्यंत कैद, मूळ गुन्हा फाशीचा असेल तर 7 वर्षांपर्यंत. सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. आईला नाही, भावाला नाही. मला हे कठोर वाटतं, पण आज कायदा असा आहे.

पळण्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज. तो मार्च 1986 मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला. तीनच आठवड्यांत मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला गोव्यात धरलं. थायलंडला पाठवणी टळावी म्हणून त्याला भारतातली शिक्षा वाढवूनच हवी होती, असं म्हणतात. आपल्या पोराला असला हिशेब कुठला?

अटकच बेकायदा वाटत असेल तरी पळू नका; 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात, तिथे स्पष्ट सांगा. कोठडीतल्या माणसाला, कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी 15100 या कायदेविषयक मदतीच्या क्रमांकावर फोन करा. आणि पळालाच असेल, तर वकील घेऊन त्याला स्वतःहून हजर करा. आपण होऊन आला, एवढं तरी जामिनाच्या वेळी वकिलाला मांडता येईल.