लेकरू किती वाढलं?

(सहायक सभासदांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



वर्षभराच्या कामाचा आढावा द्यावा, असं मला सांगण्यात आलं होतं. आढाव्याचा कागद तुमच्या हातात आहेच, आणि हिशेब खजिनदारांनी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला मांडला आहे. म्हणून मी तीन ते सहा वर्षांच्या लेकरांविषयी आणि त्यांच्या आईबापांविषयी बोलणार आहे.

तुमचं पोर नाताळच्या कार्यक्रमात पहिल्यांदा मेंढरू झालं होतं, तेव्हाचं आठवून पाहा. त्याला एकच वाक्य होतं, तेही ते विसरलं. तरी तुम्ही मोबाइल वर धरून उभे राहिलात आणि मागच्या लोकांना काही दिसलं नाही. माझा मुलगा बालवर्गात असताना त्यानं स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली. सगळी एक घर चुकलेली. तो शर्ट तसाच घालून मी त्याला उपासनेला नेला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की त्यानं स्वतः लावली आहेत. हा अभिमान आपल्याला इतका सवयीचा आहे की तो सगळीकडे असाच दिसेल, असं आपण धरून चालतो.

मेळघाटात तो असा दिसत नाही. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू वस्त्यांवर मी पंधरा वर्षं जाते आहे. तिथली आई आपल्या लेकराची चारचौघांत स्तुती करत नाही. नजर लागते. ज्या घरात एखादं मूल पाचव्या वर्षाच्या आत गेलेलं असतं, आणि अशी घरं मेळघाटात थोडी नाहीत, तिथे "माझं पोर चांगलं आहे" हे मोठ्यानं म्हणायलाही माणूस भितो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, या लोकांना मुलांच्या शिकण्याचं काही वाटत नाही. हे वाक्य मी चांगल्या, प्रार्थनाशील माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ते खरं नाही. तिथला अभिमान तक्रारीच्या रूपानं बाहेर पडतो, आणि ती तक्रार ऐकायला थांबावं लागतं.

एका मुलीचं सांगते. नाव आणि गाव सांगत नाही, तिला आपण छोटी म्हणू. छोटी तीन वर्षांची झाल्यावर गावच्या अंगणवाडीत जाऊ लागली. जूनमध्ये नाव घातलं, आणि दिवाळी झाल्यावर आईबाप तिला घेऊन खाली सपाटीवर कापूस वेचायला, मग हरभरा सोंगायला गेले. होळीला परत आले. कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी, त्याला माणूस कुठूनही गावी येतो. आल्यावर छोटी अंगणवाडीला पूर्ण विसरलेली होती. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून आजीचा पदर धरून रडणं.

आणि ती बोलत नव्हती. घरी भांडायची, बकऱ्यांना ओरडायची, पण अंगणवाडीच्या दारातून आत आली की ओठ मिटलेले. सेविकाबाई चांगल्या आहेत, कष्टाळू आहेत, पण त्यांना कोरकू येत नाही. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे इथे सांगायला हवं. ती संथाली, मुंडारी यांच्या कुळातली भाषा आहे. मराठी आणि हिंदी एकमेकींच्या जितक्या जवळ आहेत, तितकीही कोरकू मराठीच्या जवळ नाही. पाण्याला डा म्हणतात, वाघाला कुला. तीन वर्षांच्या लेकराला आपण एका खोलीत बसवतो आणि तिथे कोणी डा म्हणत नाही. तुमच्या नातवाला उद्या जपानी बालवर्गात बसवलं तर तो किती दिवस गप्प राहील? पहिली काही वर्षं मुलाला घरच्या भाषेत शिकवावं, हे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलेलं आहे. लिहिलेलं वस्तीपर्यंत पोचायला माणूस लागतो. तुमच्या देणग्यांतून गेल्या वर्षी आपण त्याच गावची एक कोरकू मुलगी मानधनावर घेतली. बारावी झालेली आहे. तिनं फक्त सकाळी अंगणवाडीत बसायचं आणि लेकरांशी त्यांच्या भाषेत बोलायचं.

ऑगस्टमध्ये एक दिवस पाण्याचा गुंड लवंडला. पाणी सगळ्या सतरंजीवर. छोटी उभी राहिली आणि ओरडली, "डा! डा!" मग सेविकाबाईंकडे वळून, जणू त्यांना कमी समजतं म्हणून समजावून सांगावं तशी, हळूच म्हणाली, "पाणी." सेविकाबाईंनी ती तारीख वहीत लिहून ठेवली आहे. आपल्या मुलीनं ही बातमी दुपारच्या आत विहिरीवर पोचवली. छोटीच्या आईनं घागर भरता भरता ऐकलं आणि म्हणाली, "ती तर घरी गप्पच बसत नाही, डोकं खाते." एवढं बोलून तिनं घागर उचलली. पण त्या दिवशी ती पहिल्यांदा अंगणवाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

ही पायरी कोणत्याही कार्डावर नसते. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाची रेघ असते. हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा असतो. मूल कधी बसलं, कधी चाललं, तेही असतं. त्या रेघेला मी कमी लेखत नाही, मेळघाटात तर मुळीच नाही. ती रेघ खाली वाकली तर बाकीचं सगळं बोलणं थांबवून आधी लेकराला दवाखान्यात न्यावं लागतं. पण वजन वाढलं म्हणून आईला कार्ड दाखवलं तर ती मान हलवते. लेकरानं तिची भाषा आणि बाईंची भाषा एकमेकींशेजारी ठेवली, हे सांगितलं तर ती दाराशी येते.

पोर तीन वर्षांच्या आसपास गोल काढू लागतं, चौकोन यायला साधारण चार उजाडतात, त्रिकोणाला आणखी वेळ लागतो. हे तुम्ही तुमच्या घरी पाहिलंच असेल. छोटीला गोल जमला आणि तिनं घरची भिंत कोळशानं भरून टाकली. मी गेले तेव्हा तिचा बाप ओसरीवर बसला होता. म्हणाला, "ताई, पोरीनं भिंत काळी करून टाकली पाहा. मारलं तरी ऐकत नाही." मारलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मी आत जाऊन पाहिलं. दिवाळीसाठी घर नुकतंच शेणामातीनं सारवलेलं होतं, कोपरान् कोपरा. फक्त त्या भिंतीवर परातीएवढी जागा सोडलेली, आणि तिच्यात चार वेडेवाकडे गोल. आईनं त्यांच्या कडेकडेनं हात फिरवला होता. मी विचारलं, हे राहिलं का? ती म्हणाली, "शेण संपलं."

मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा केला तेव्हा स्तुती आणि उपकारस्तुती यांतला फरक आम्हाला शिकवला होता. त्या भिंतीला काय म्हणायचं, ते पुस्तकात नव्हतं.

आता थोडं कठीण बोलते. त्याच सुमाराला एका दूरच्या शहरातून काही पाहुणे वस्तीवर आले होते. प्रेमानं आले होते, येताना बिस्किटं, पाट्या, रंगपेट्या घेऊन आले होते. छोटीचा बाप त्या दिवशी मजुरीला गेला नाही. छोटीला लंगडी घालता येऊ लागली होती, अंगणवाडीच्या दारापासून हातपंपापर्यंत, न टेकता. ती तिनं पाहुण्यांना दाखवावी म्हणून तो सकाळपासून तिच्या मागे होता. एका बाईंनी छोटीला जवळ घेतलं आणि विचारलं, "ए फॉर?" छोटी गप्प. "वन, टू?" छोटी गप्प. मग त्या आपसात हळू आवाजात म्हणाल्या, अजून खूप काम करावं लागणार आहे इथे. त्यांनी फोटो काढला आणि पुढच्या वस्तीकडे गेल्या. लंगडी झालीच नाही. संध्याकाळी बाप मला म्हणाला, "ताई, आमची पोरगी मागं हाय का?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न त्याला त्या सकाळपर्यंत पडलेला नव्हता. त्या बाईंचा मी राग करत नाही, पण तो प्रश्न तिथे ठेवून आपण गाडीत बसतो, हे मला सलतं. वार्तापत्रासाठी इंग्रजी कविता म्हणणाऱ्या मुलांचे फोटो पाठवा, अशी मागणी आम्हाला अधूनमधून येते. आम्ही ते पाठवत नाही, यापुढेही पाठवणार नाही. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, आणि आईबापाला एवढंच विचारा: हिला नवीन काय येऊ लागलं? मग गप्प बसा. तक्रार सुरू होईल. ती ऐका.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी ते वाढवलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी हे नावही त्यांच्याच कामातलं. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. अंगण म्हणजे घराचाच भाग, तिथे आईला यायला परवानगी लागत नाही. आपण महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावतो. भाषण नाही, हारतुरे नाहीत. लेकरू जे करत असेल ते करतं, आईबाप पाहतात. पहिल्या वेळी तीन आया आल्या होत्या. आता बापही येतात, मात्र आत बसत नाहीत. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन, कुठेतरी निघालोच होतो असं दाखवत, खिडकीशी उभे राहतात.

बापाच्या त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं: मागं नाही, पण दर दिवाळीनंतर तिचं शिकणं तुटतं. कार्ड बरोबर न्या, पोषण ट्रॅकरवर नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीकडे वळवता येतं, हेही सांगितलं. पण ज्या शेतात हे लोक पाल ठोकून राहतात तिथून अंगणवाडी किती लांब, आणि तिथे डा म्हणणारं कोण? नवराबायकोनं चार दिवस विचार केला आणि या वर्षी छोटीला आजीजवळ ठेवून ते दोघेच गेले. हा विजय म्हणून मी तुम्हाला सांगत नाही. चार वर्षांचं लेकरू आणि आई यांच्यामध्ये साडेतीन महिने पडले. गाडी निघाली तेव्हा आई मागे वळून पाहत नव्हती, कारण पाहिलं असतं तर ती उतरली असती.

तेव्हापासून हन्नाची गोष्ट मी वेगळ्या कानांनी वाचते. आपण तिची प्रार्थना आणि तिचा नवस नेहमी आठवतो. पण पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक लहानशी गोष्ट आहे: ती दर वर्षी एक छोटा झगा करून शिलोला नेत असे. शमुवेल तिथे मंदिरात, एली याजकाजवळ, ती घरी. वर्षातून एकदा भेट. मग झगा शिवताना माप कुठून आणत असेल? शेजारच्या पोरांकडे पाहून अंदाज करत असेल, आता एवढा झाला असेल, आता एवढा. अंदाज दर वेळी बरोबर येत असेल असं मला वाटत नाही.

छोटीच्या आईनं होळीला येताना दर्यापूरच्या बाजारातून फ्रॉक आणला. गुलाबी, झालरीचा. अंगात घालून पाहिला तर गुडघ्याच्या चांगला वर, आणि बाह्या दंडात रुतलेल्या. छोटीनं त्यातच हातपंपापर्यंत लंगडी घालून दाखवली, जाताना उजव्या पायावर आणि येताना डाव्या. आई फगव्याच्या गर्दीत सगळ्या बायकांना तो फ्रॉक दाखवत फिरत होती. "पाहा, पैसे वाया गेले," म्हणत होती. "केवढा आखूड झाला पाहा. आता काय करू हिचं?"