मेकफाईल दुसऱ्याच्या संगणकावरही चालावी म्हणून



नागभीडच्या माणसाला गेजची अडचण समजावून सांगावी लागत नाही. गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि नागपूरची नॅरोगेज मात्र २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत चालूच होती. तोवर आपल्या स्थानकात १६७६ आणि ७६२ मिलिमीटर असे दोन्ही मापांचे रूळ होते. प्रवासी गाडी बदलू शकत होता, डबा रूळ बदलू शकत नव्हता. आज संगणकातल्या अशाच एका प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

सी भाषा शिकणाऱ्यांना 'मेक' ठाऊक असेल. कोणती फाईल कशापासून तयार होते हे मेकफाईलमध्ये लिहून ठेवावे, आणि जी बदलली तेवढ्यावर अवलंबून असलेलेच काम मेकने पुन्हा करावे, अशी ही सोय. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती १९७६ मध्ये केली. पुढे तिचे अनेक अवतार झाले: लिनक्सवर बहुधा आढळतो तो ग्नू मेक, फ्रीबीएसडीसारख्या प्रणालींवरचा बीएसडी मेक, मायक्रोसॉफ्टचा एनमेक. १९९२ मध्ये पॉसिक्सने सर्वांना समान असा भाग ठरवून दिला. पण प्रत्येकाने आपापल्या सोयी वर जोडल्याच.

या सोयी गोड आहेत, म्हणूनच घात करतात. ग्नू मेकमध्ये 'वाइल्डकार्ड' म्हटले की फोल्डरातील सर्व सी फायलींची यादी आपोआप मिळते. बीएसडी मेक तेच शब्द एखाद्या चलाचे नाव समजतो. तसे चल कोठेच नसते, म्हणून यादी रिकामी राहते. तक्रार आलीच तर ती भलत्याच ठिकाणी येते, आणि विद्यार्थी तासभर कंपायलरला दोष देत बसतो. यादी हाताने लिहिणे कंटाळवाणे खरे, पण ती सगळीकडे चालते. टक्क्याच्या चिन्हाने लिहिलेल्या नियमांऐवजी जुने प्रत्यय-नियम वापरावेत, तेही याच कारणासाठी.

याहून गंभीर गोष्ट ऐका. मेक नियमातील प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवतो. ग्नू मेकच्या २०१० मधील ३.८२ आवृत्तीत 'वनशेल' ही सूचना आली. ती दिली की सर्व ओळी एकाच शेलमध्ये चालतात. आता समजा कोणी लिहिले: पहिल्या ओळीत 'बिल्ड फोल्डरात जा', दुसऱ्या ओळीत 'येथील सर्व काही पुसून टाक'. बिल्ड फोल्डर जागेवर असेल तर नव्या ग्नू मेकवर हे ठरल्याप्रमाणे चालेल. २००६ ची ३.८१ आवृत्ती मात्र त्या सूचनेला एक साधे नाव समजून गप्प बसते. आणि ॲपलने आपल्या मॅकवर हीच आवृत्ती वर्षानुवर्षे दिली आहे. तेथे पहिली ओळ बिल्डमध्ये जाऊन संपते, दुसरी मूळ फोल्डरात सुरू होते, आणि मित्राचे सगळे मूळ लेखनच पुसले जाते. दोन्ही मेक ग्नूचेच, तरी ही गत! म्हणून दोन्ही आज्ञा एकाच ओळीत, दोन 'अँड' चिन्हांनी जोडून लिहाव्यात. पहिली फसली तर दुसरी चालतच नाही.

नियमाच्या आत मेकला पुन्हा बोलवायचे असेल तर 'मेक' हा शब्द सरळ लिहू नये, त्याच नावाचे चल वापरावे. फ्रीबीएसडीवर ग्नू मेकचे नाव 'जीमेक' असते. सरळ नाव लिहिले की आतले काम दुसऱ्याच मेकच्या हाती जाते.

काही जण म्हणतील, सर्वांनी ग्नू मेकच बसवावा, कटकट संपली. मोठ्या कामात हे म्हणणे मला मान्य आहे. पण मग फाईलचे नाव 'ग्नूमेकफाईल' ठेवावे. ते नाव ग्नू मेक आधी शोधतो, इतर मेक त्याकडे पाहत नाहीत. निदान अर्धवट काम तरी होत नाही. फाईलच्या आरंभी 'पॉसिक्स' लिहिले की भागले, असाही एक समज आहे. त्याने ग्नू मेकचे काही वर्तन बदलते, पण त्याच्या खास सोयी बंद होत नाहीत.

परीक्षेसाठी दुसरा संगणक लागत नाही. डेबियन घराण्यातील लिनक्सवर 'बीमेक' हा बीएसडी मेक विनामूल्य बसवता येतो. आपल्या फोल्डराची प्रत करावी आणि तिच्यावर आधी मेक, मग सर्व साफ करून बीमेक चालवून पाहावा. हे काम प्रतीवरच करावे, मूळ फोल्डरावर नव्हे.