हात किती गेला नव्हे, धंदा किती गेला!
(शेतकरी व कारागीर बंधूंपुढील भाषण)



अपघाताच्या दाव्यांत मालकाचा वकील अवयव मोजतो; आपल्या वकिलानें कमाई मोजली पाहिजे. कारकुनाचा डावा हात गेला तरी लेखणी चालते. सुताराचा गेला तर चूल विझते.

ओरिसांतील जेपूर येथें १९६८ सालीं सिनेमागृहाचें काम करतांना एक सुतार पडला. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचें म्हणणें, कायद्याच्या तक्त्याप्रमाणें हें अपंगत्व अपुरें. १९७५ सालीं सुप्रीम कोर्टानें तें फेटाळलें: सुतारकाम एका हातानें होत नाहीं, कमाईची ताकद पूर्णच गेली.

तेव्हां कोर्टांत नुसता हात दाखवून थांबूं नका. रंधा कसा धरावा लागतो, रोज किती पडत होता, हें साक्षीपुराव्यांत येऊं द्या. डॉक्टर टक्के सांगेल; धंदा तुम्हींच सांगितला पाहिजे.