एक अंडं ‘तो’, दोन अंडी ‘त्या’

इटालियन शिकताना मराठी माणसाला सुरुवातीला हायसं वाटतं. तिथे लिंगं दोनच, आपलं ‘ते’ नाहीच. शब्दाच्या शेवटी ‘ओ’ आला की बहुधा पुल्लिंग, ‘आ’ आला की बहुधा स्त्रीलिंग. ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक, तो. ‘सेदिया’ म्हणजे खुर्ची, ती.

पण अंड्यापाशी गाडी अडते. एक अंडं ‘उओवो’, पुल्लिंगी. दोन घेतली की ‘उओवा’, चक्क स्त्रीलिंगी! बाहूचंही तसंच: एक ‘ब्राच्चो’ पुल्लिंगी, दोन ‘ब्राच्चा’ स्त्रीलिंगी.

असं का? लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं होती आणि हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी होते. नपुंसकलिंगी अनेकवचनाच्या शेवटी ‘आ’ येई. पुढे नपुंसकलिंग लोपलं. एकवचन पुल्लिंगात मिसळलं; अनेकवचनातला ‘आ’ मात्र लोकांच्या कानाला स्त्रीलिंगी वाटला.

तेव्हा अपवाद म्हणून वैतागू नका. शब्द पाठ करताना ‘इल लिब्रो’, ‘ला सेदिया’ असा उपपदासकट करा. आणि ‘उओवा’ भेटला की ओळखा, ही हरवलेल्या ‘ते’ची खूण. आपण तर अजून ‘ते अंडं’च म्हणतो!