तरुण वयातील मूत्रपिंडाचा कर्करोग

(फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात विद्यार्थी, पालक आणि आरोग्यसेविका यांच्यासमोर जून महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जून महिन्याचा तिसरा गुरुवार हा जागतिक मूत्रपिंड कर्करोग दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने योजिलेल्या या कार्यक्रमात प्रथम बोलण्याचा मान मला देण्यात आला, याचे मला थोडे नवल वाटते. मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. तथापि या विषयावर वाचन करण्याची वेळ माझ्यावर एका विशिष्ट प्रसंगाने आणली, आणि तो प्रसंग आधी सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

सन 2018 च्या मार्च महिन्यातील गोष्ट. आमच्या खात्यात त्या वेळी एक छायाचित्रकार होता. वय चौतीस, अंगाने काटक, विडी-सिगारेटचा स्पर्श नाही. शिमग्याच्या मिरवणुकीची छायाचित्रे घेऊन आम्ही दोघे परतत असता तो सहज म्हणाला, "साहेब, सकाळपासून लघवी कोकमाच्या आगळासारखी होते. दुखत मात्र काही नाही." मी तत्काळ उत्तर दिले, "तीन दिवस उन्हात हिंडतो आहेस, उष्णता झाली असेल. दोन शहाळी घे." त्याने शहाळी घेतली. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. शहाळ्याचा गुण आला असे त्यालाही वाटले आणि मलाही. सात महिन्यांनी कुशीत दुखू लागले, वजन उतरले, तेव्हा सोनोग्राफी झाली आणि उजव्या मूत्रपिंडात साडेसहा सेंटीमीटरची गाठ आढळली.

मित्रहो, दोन शहाळ्यांचा तो सल्ला मी दिला होता. आजच्या माझ्या बोलण्यात काही आग्रह दिसला तर त्याचे मूळ तेथे आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या फासळ्यांच्या आडोशाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. चोवीस तासांत सुमारे 180 लीटर द्रव ती गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात परत करून दीड-दोन लीटर तेवढे लघवीच्या रूपाने बाहेर सोडतात. हे काम करणाऱ्या सूक्ष्म नलिकांच्या अस्तरातून जो कर्करोग उद्भवतो, तोच प्रौढांमधील मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा प्रमुख प्रकार होय. तो बहुधा साठीच्या पुढे-मागे आढळतो, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत सुमारे दुपटीने. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही त्याची मान्य झालेली कारणे. आपल्या देशातील रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांतील रुग्णांहून कमी भरते. याचा एक भाग आपली लोकसंख्याच तरुण असल्यामुळे घडतो, हे ध्यानी घ्यावे. नाहीतर आकडे वाचून नसती भीती उत्पन्न होते. परंतु हा म्हाताऱ्यांचा आजार आहे, या समजुतीवर विसंबून तिशी-चाळिशीतील माणसाच्या तक्रारीकडे काणाडोळा करावा, असेही नाही.

या रोगाचा कावा असा की प्रारंभी तो दुखत नाही. कुशीत वेदना, हाताला लागणारी गाठ आणि लघवीतून रक्त ही तीन लक्षणे जुन्या ग्रंथांतून एकत्र सांगितलेली असत. आज ती तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात, आणि दिसली तर रोग बहुधा पुढे गेलेला असतो. हल्ली निम्म्याहून अधिक गाठी अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अकस्मात सापडतात. कोणी पित्ताशयातील खड्यांसाठी जातो आणि मूत्रपिंडातील गाठ घेऊन परततो. ज्यांना लक्षणे होतात त्यांच्यात लघवीतून जाणारे रक्त हे महत्त्वाचे. ते वेदनेवाचून येते, एक-दोन दिवस दिसते आणि आपोआप थांबते. हे थांबणेच घातक ठरते, कारण थांबले म्हणजे बरे झाले असा निष्कर्ष आपण काढतो. बीट खाल्ल्याने लघवीला लाली येऊ शकते, क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने ती नारिंगी होते, मूतखडा आणि जंतुसंसर्ग यांतही रक्त जाते. तेव्हा प्रत्येक लाल लघवी म्हणजे कर्करोग नव्हे. पण हा निवाडा शहाळे विकणाऱ्याने अथवा प्रसिद्धी अधिकाऱ्याने करावयाचा नाही. लघवीची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी यांनी पुष्कळसे उलगडते. याखेरीज कारण न सापडणारा दीर्घकाळचा ताप, उतरणारे वजन, पंडुरोग, ऐन तरुणपणी नव्याने वाढलेला रक्तदाब, आणि पुरुषांत अंडकोशाच्या शिरा एकाएकी फुगून आडवे झाल्यावरही न ओसरणे, या गोष्टी डॉक्टरांच्या कानी घालाव्यात. शेवटची तक्रार संकोचाने कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

रुग्ण तरुण असला की डॉक्टर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारतात: घरात कोणाला असे काही झाले होते काय? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत हा रोग आढळल्यास, दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असल्यास किंवा जवळच्या नात्यात हा रोग झाला असल्यास जनुकीय सल्ला घ्यावा, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. एकंदर रुग्णांत आनुवंशिक प्रकार थोडाच असतो. तरुणांत मात्र तो शोधावा लागतो. त्यांतील सर्वांत परिचित व्याधीला फॉन हिप्पेल–लिंडाउ असे नाव आहे. जर्मन नेत्रवैद्य ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी 1904 मध्ये डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या गाठींचे वर्णन केले. स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ आर्विड लिंडाउ यांनी 1926 मध्ये त्यांचा संबंध लहान मेंदूतील तशाच गाठींशी जोडून दाखविला. एका कुटुंबात कोणाची दृष्टी जाते, कोणाला मेंदूत गाठ होते, कोणाला चाळिशीच्या आसपास मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, आणि घरची माणसे त्याला घराण्याचा शाप म्हणतात. वस्तुतः तो एकाच जनुकाचा दोष असतो. हे जनुक 1993 मध्ये सापडले. आई किंवा वडील यांपैकी एकात तो दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

या जनुकाचे कार्य मला, कलाशाखेच्या माणसाला, फार मनोज्ञ वाटले. पेशीला प्राणवायू कमी पडला की ती नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करणारे संदेश धाडते. प्राणवायू पुरेसा असताना हे संदेश थोपविणे हे या जनुकाचे काम. ते बिघडले म्हणजे पाणी मुबलक असलेल्या गावात कोणी दुष्काळाची दवंडी पिटावी आणि ती ऐकून चहूकडून कालवे खणत आणावेत, तसा प्रकार होतो. त्या कालव्यांवर गाठ पोसली जाते. प्राणवायूची ही जाणीव पेशी कशी राखते, या संशोधनासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच साखळीवर काम करणारे बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत या आनुवंशिक व्याधीसाठी ऑगस्ट 2021 मध्ये मंजूर झाले. विशेष असे की घराण्याबाहेरच्या सर्वसाधारण रुग्णांच्या गाठींतही बहुधा हेच जनुक बिघडलेले आढळते. मूठभर कुटुंबांच्या दुःखाचा माग काढता काढता सर्वांच्या रोगाची किल्ली हाती आली.

अन्यही काही दुर्मीळ प्रकार आहेत. त्यांपैकी एकाचा उल्लेख करतो, कारण आपला अंक विदर्भ, खानदेश, गुजरात, मध्य प्रदेश येथील मराठी वाचकांपर्यंतही जातो. सिकलसेलचा गुण अंगी असलेल्या तरुणांत मूत्रपिंडाच्या गाभ्यातून उद्भवणारा एक उग्र कर्करोग क्वचित आढळतो. तो अतिशय विरळा आहे. सिकलसेलच्या वाहकांनी त्यामुळे झोप घालवू नये. परंतु अशा तरुणाच्या लघवीतून रक्त गेल्यास, ते सिकलसेलमुळेच, असे गृहीत धरून तपासणी टाळू नये, एवढेच.

उपचारांचा पाया शस्त्रक्रिया हाच. मूत्रपिंड काढल्यावर माणूस जगतो काय, हाच मुळी एके काळी प्रश्न होता. हायडेलबर्गचे शल्यचिकित्सक गुस्टाफ सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून 2 ऑगस्ट 1869 रोजी एका स्त्रीचे एक मूत्रपिंड योजनापूर्वक काढले. ती जगली, आणि त्या प्रश्नाचा निकाल लागला. आज गाठ चार सेंटीमीटरपर्यंत असेल तर शक्यतो गाठीपुरता भाग काढून उरलेले मूत्रपिंड राखतात. तरुण रुग्णाला त्या उरलेल्या भागावर आणखी चाळीस-पन्नास वर्षे काढावयाची असल्याने हे त्याच्या दृष्टीने फार मोलाचे. एवढ्या लहान गाठींपैकी सुमारे पाचांत एक निरुपद्रवी निघते, हेही सांगून ठेवतो. रोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असता दहांपैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो पसरला असल्यास जुन्या प्रकारची रसायने फारशी उपयोगी पडत नाहीत; 2005 नंतर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी आणि 2015 नंतर रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे आली. ती महाग आहेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. त्याचे नूतनीकरण झाले आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर पाहावे. आजारपणात ते पाहण्याची वेळ आली म्हणजे किती धावाधाव होते, हे मी जवळून पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट, जी वैद्यकीय ग्रंथांत मिळत नाही. तरुण रुग्णाच्या घरी पहिली चिंता रोगाची असते आणि दुसरी लगेच लग्नाची. मग मुंबईला मावशीकडे गेला आहे अशी बतावणी होते, कागदपत्रे दडविली जातात, आणि पुढील तपासण्या चुकतात. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे ठराविक काळाने छायांकन करून घ्यावे लागते. लपविलेल्या आजाराला हे वेळापत्रक पाळता येत नाही. माझे मत असे की जे स्थळ ही गोष्ट ऐकून परत जाईल, ते गेलेले बरे.

आमच्या छायाचित्रकाराची गाठ मूत्रपिंडाच्या मध्यभागी, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या लगत होती. त्यामुळे सबंध मूत्रपिंड काढावे लागले. त्याला दोन लहान मुली. त्यांच्या काळजीने त्याची जनुकीय तपासणी झाली, तीत काही दोष निघाला नाही. मुलींपुरता जीव भांड्यात पडला. मात्र मलाच का, या त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, आणि मिळणारही नाही असे दिसते. मार्चमध्येच तपासले असते तर मूत्रपिंड वाचले असते काय, असे मी शल्यचिकित्सकांना एकदा एकांतात विचारले. ते म्हणाले, "ते आता कोणालाच सांगता येणार नाही." तो आजही छायाचित्रे घेतो. आजच्या कार्यक्रमाचीही तोच घेत आहे, आणि आपली हकीकत नाव न घेता सांगण्यास त्यानेच मला मोकळीक दिली आहे.

माझा वेळ संपला. मूत्ररोगतज्ज्ञ डॉक्टर येथे व्यासपीठावर बसलेले आहेत. आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत. नाव घालण्याची आवश्यकता नाही.